रुंदी ८५४च का?

व्हिडिओचं रेझोल्यूशन ऑनलाइन बदलून देणाऱ्या सोयींमध्ये ४८०चा पर्याय निवडला, की नव्या फाइलची रुंदी बहुधा ८५४ पिक्सेल निघते. आडव्या व्हिडिओचं रुंदी-उंचीचं नेहमीचं प्रमाण १६ला ९. त्या हिशेबाने ४८० उंचीला रुंदी येते ८५३.३३. पिक्सेलचा तुकडा पाडता येत नाही, हे मान्य. पण मग जवळचा पूर्णांक ८५३ का नाही?

उत्तर रंगात आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्या डोळ्यांना चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून बहुतेक व्हिडिओंमध्ये उजळपणा प्रत्येक पिक्सेलचा वेगळा नोंदतात, रंग मात्र दोन बाय दोन अशा चार पिक्सेलना मिळून एकच. त्यामुळे रुंदी आणि उंची दोन्ही सम लागतात. म्हणजे १९२० बाय १०८०चा ‘फुल एचडी’ व्हिडिओ रंगापुरता ९६० बाय ५४०चाच असतो, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

१०८०वरून ४८०वर येताना फ्रेममधले सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल ४ लाख १० हजारांवर येतात. पाचांतले चार उचलून टाकले की झालं, असं वाटेल. पण तसं केलं, तर बारीक चौकड्यांच्या इरकलीवर मुळात नसलेल्या लाटा वळवळायला लागतात. एक काळी आणि एक पांढरी अशा रेघांच्या जोडीला किमान दोन पिक्सेल लागतात. त्याहून बारीक नक्षी फ्रेममध्ये मावत नाही. पण ती निमूटपणे नाहीशी न होता जाड नक्षीचं सोंग घेते. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलची भारित सरासरी काढून चित्र आधी किंचित मऊ करतं. त्याच्या अनेक रीतींपैकी एकीला हंगेरियन गणिती कॉर्नेलियस लांझोस यांचं नाव आहे. तिच्यात कडा धारदार राहतात. कधी कधी कडेभोवती फिकट झालर उमटते, तेवढाच दोष.

यानंतर फ्रेम पुन्हा दाबून भरायच्या. न दाबलेला, रंगही प्रत्येक पिक्सेलचा वेगळा नोंदलेला फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ११ जीबीच्या वर जातो. तो मोबाइलमध्ये मावतो यामागे जे गणित आहे, त्याचं मूळ बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्या कल्पनेत आहे. त्यांनी १९७२मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या कामासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध १९७४मध्ये आलाच. हे गणित चित्राची ठळक आणि बारीक अशी विभागणी करतं. मग बारीक भागातलं बरंचसं टाकून देता येतं. रेझोल्यूशन बदलताना व्हिडिओ उलगडून पुन्हा दाबला जातो, त्यामुळे प्रत्येक खेपेला थोडं आणखी गळतं.

फाइल किती जड होणार, हे ठरवतो बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती खर्चायची तो आकडा. तो तसाच ठेवला, तर ४८०ची फाइल १०८०च्या फाइलएवढीच भरते. उलट ४८०चा १०८० करायला गेलात, तर पाचांतले चार पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. एआय हा अंदाज फार देखणा करतं. जुन्या लग्नाच्या कॅसेटला तो चालेल. सीसीटीव्हीतल्या गाडीचा नंबर वाचायला मुळीच नाही, कारण तिथे दिसणारा आकडा एआयने मनाने काढलेला असू शकतो.

रेझोल्यूशन बदलून देणाऱ्या अनेक ऑनलाइन सोयींच्या पोटात फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर असतं. काही ठिकाणी व्हिडिओ सर्व्हरवर चढवावा लागतो. काही ठिकाणी सॉफ्टवेअरच ब्राउझरमध्ये उतरतं आणि फाइल तुमच्या यंत्राबाहेर जात नाही. पान पूर्ण उघडल्यावर नेट बंद करून पाहा. तरीही काम झालं, तर व्हिडिओ तुमच्याच यंत्रावर बदलला गेला. घरगुती चित्रणासाठी मी हाच मार्ग पसंत करतो. मात्र तासाभराचं स्नेहसंमेलन त्यात घातलं, तर ब्राउझरला मिळणारी मेमरी अपुरी पडून टॅब मध्येच मान टाकण्याची शक्यता दांडगी.