चोथा खावा की टाळावा?

पोट बिघडलं की सल्ल्यांना तोटा नसतो. एक डॉक्टर भाकरी, कोशिंबीर, मटकीची उसळ वाढवायला सांगतात. दुसरे तेच सगळं बंद करून मऊ भात आणि ताकावर ठेवतात. दोघांपैकी एक चुकतोय, असं रुग्णाला वाटतं. बहुतेक वेळा चुकत कोणीच नसतं. आजार वेगळा असतो, किंवा आजार तोच पण वेळ वेगळी.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या येतात, तो डायव्हर्टिक्युलोसिसचा विकार घ्या. पूर्वी त्यात चोथा वर्ज्य असे. १९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या शल्यचिकित्सकांनी उलटंच मांडलं: चोथ्याच्या अभावानेच हा विकार होतो. सल्ला फिरला, पण ‘पेरूच्या बिया, शेंगदाणे पिशवीत अडकतात’ ही भीती मागे उरलीच. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांची १८ वर्षं नोंद ठेवली गेली. २००८ मध्ये निष्कर्ष आला, की दाणे आणि मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना त्रास जास्त नव्हता, उलट थोडा कमीच होता. पिशव्यांना सूज आली असेल तेव्हा मात्र काही दिवस हलकं खाणंच योग्य.

‘बद्धकोष्ठ म्हणजे चोथा कमी पडतोय’ हेही अर्धंच खरं. आतड्याची गती मंद असेल किंवा गुदद्वाराचे स्नायू वेळेवर सैल पडत नसतील, तर चोथा वाढवून पोट फक्त फुगतं. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये जुनाट बद्धकोष्ठाच्या ६३ रुग्णांचा चोथा कमी किंवा बंद केला; तो पूर्ण बंद करणाऱ्यांना चांगला आराम पडला. पण अभ्यास लहान, तुलनेसाठी वेगळा गट नाही. तेवढ्यावर घरातली भाजी बंद करू नये.

शिवाय सगळा चोथा एकसारखा नसतो. इसबगोल पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, गव्हाचा कोंडा तसाच खरखरीत राहतो. नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी) २७५ रुग्णांवर २००९ साली झालेल्या चाचणीत इसबगोलाने फरक पडला. कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे तो मध्येच सोडला. (इसबगोल घेताना पाणी भरपूर हवं, कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो.)

मग कमी चोथ्याचं पथ्य खरंच कुणाला? क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारामुळे किंवा आपल्याकडे आढळणाऱ्या आतड्याच्या क्षयामुळे मार्ग अरुंद झालेल्यांना, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, कोलोनोस्कोपीच्या आधी. बहुतेकदा ते ठरावीक काळापुरतंच असतं. ‘आतड्याला कायमची विश्रांती’ ही कल्पना चुकीची आहे: मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून जे ब्युटिरेट बनवतात, त्यावर प्रामुख्याने तिथल्या पेशी पोसल्या जातात.

शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर पथ्याचे प्रयोग करत बसू नका. आधी तपासणी करा. आणि डॉक्टरांनी चोथा बंद करायला सांगितलाच, तर तिथेच विचारून घ्या: किती दिवस?