वैमानिकाचे वय आणि शेजारचे आसन

१८ जून १९७२ रोजी लंडनहून ब्रुसेल्सला निघालेले ट्रायडंट विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळून आतील ११८ जण मृत्युमुखी पडले, आणि शवपरीक्षेत असे आढळले की, कप्तानाच्या हृदयाच्या रोहिणीला आतून चीर जाऊन तेथे नुकताच रक्तस्राव झाला होता. कप्तान ५१ वर्षांचा होता. सहवैमानिक अवघा २२ वर्षांचा. पुढे ३७ वर्षांनी, त्याच तारखेस, ब्रुसेल्सहून न्यूअर्कला निघालेल्या बोइंग ७७७ विमानाच्या ६० वर्षांच्या कप्तानाचे अटलांटिक ओलांडत असतानाच निधन झाले. मात्र उरलेल्या वैमानिकांनी विमान इतक्या शांतपणे खाली आणले की, बहुतेक प्रवाशांना ती वार्ता उतरल्यावरच कळली.

वैमानिकांच्या सक्तीच्या निवृत्तीचा विचार करताना या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते, कारण नाश पावलेल्या विमानाचा कप्तान कोणत्याही वयोमर्यादेच्या पुष्कळ अलीकडचा होता.

वैमानिकांच्या निवृत्तीची साठीची मर्यादा अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचे प्रमुख जनरल एल्वुड केसाडा यांनी डिसेंबर १९५९ मध्ये ठरविली आणि १५ मार्च १९६० पासून तिचा अंमल सुरू झाला. वयाबरोबर हृदयविकाराचा संभव वाढतो आणि तो कोणावर केव्हा झडप घालील हे सांगणारी परीक्षा उपलब्ध नाही, हे तिचे समर्थन. पण हे दोन्ही खरे मानले तरी रेषा साठावरच का, पंचावन्नावर किंवा त्रेसष्टावर का नाही, याचे उत्तर वैद्यकाने दिलेले नव्हते. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी १९५९ सालीच केसाडांना पत्र लिहून साठीच्या मर्यादेची मागणी केली होती, हीही गोष्ट दप्तरी नमूद आहे.

खरा शास्त्रीय विचार पुढे झाला, आणि तो वयाचा नसून गणिताचा होता. एखाद्या वैमानिकास वर्षभरात अकस्मात असमर्थता येण्याचा संभव शंभरात एक धरला, तर वर्षाच्या ८,७६० तासांत विभागून तो दर तासाला सुमारे दहा लाखांत एक इतका उरतो. त्यातही उड्डाण आणि अवतरण यांचा जोखमीचा काळ एकंदर काळाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, आणि अशा प्रसंगी शेजारच्या वैमानिकास विमान सावरता न येणे शंभरात एकदा, असे धरल्यास अपघाताचा संभव शंभर कोटींत एकावर येतो. या हिशेबात सर्वांत मोठी वजाबाकी शेजारचे आसन करते, आणि म्हणूनच सहकारी अचानक गप्प झाला तर काय करावे याची तालीम वैमानिकांकडून कृत्रिम कक्षात पुनःपुन्हा करवून घेतली जाते.

मग कौशल्याचे काय? २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ४० ते ६९ वर्षांच्या ११८ वैमानिकांचे तीन वर्षे निरीक्षण करून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वयस्कांचा प्रारंभीचा दर्जा तरुणांहून काहीसा उणा असला, तरी समोरून येणारे विमान चुकविण्याचे त्यांचे कसब काळाच्या ओघात कमी ढळले. मुरलेला अनुभव मंदावलेल्या हालचालींची भरपाई करतो, हे आपल्याकडील कोणताही जुना नावाडी सांगेल. शास्त्राने त्याला मोजमाप दिले, याचे मोल मला फार वाटते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने २००६ साली मर्यादा ६५ केली, मात्र साठीपुढील कप्तानाशेजारी साठीआतील सोबती असावा अशी अट घातली. अमेरिकेने २००७ मध्ये तीच मर्यादा स्वीकारली आणि संघटनेने २०१४ मध्ये जोडीची अट काढून टाकली. एकट्याने प्रवासी विमान चालविणाऱ्यास मात्र साठीचीच मर्यादा राहिली.

लांबच्या प्रवासात मधल्या काळापुरता कक्षात एकच वैमानिक ठेवावा काय, याचा अभ्यास युरोपात अलीकडेच झाला आहे. ते शेजारचे आसन एकदा रिकामे झाले, तर ६० की ६५ हा वाद आपणांस पहिल्या पानापासून वाचावा लागेल.