डंपरवाल्याच्या घरची झोप

दुर्गापूर, सास्ती, घुग्घुस, उमरेड. विदर्भातील या कोळसा खाणींवर आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल पेटत आली आहे. कुणाचा मुलगा डंपरवर, कुणाचा जावई ठेकेदाराच्या टिपरवर. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणी स्वतः पाहून आले होते. आम्ही मात्र आपल्याच माणसाचे काम काय असते, हे कधी विचारत नाही.

शंभर टनी डंपरचे चाक उभ्या माणसाहून उंच. केबिन डाव्या अंगाला आणि इतकी वर की अगदी पुढ्यात उभा माणूस चालकाला दिसत नाही. उजवीकडे तर अख्खी जीप दडून जाते. म्हणून खाणीतल्या लहान गाडीवर उंच काठीला झेंडा लावतात. चालकाने पाहून हाताने खूण केल्याशिवाय डंपरजवळ फिरकू नये.

खरी परीक्षा उतारावर. भरलेली गाडी उतरवताना गिअर आधीच खालचा हवा आणि वेग रिटार्डरने धरायचा. नुसत्या पायब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभागही असतात, त्यांच्याशेजारी आम्ही तरी बसणार नाही!

माती टाकण्याच्या काठावर बांध निदान चाकाच्या निम्म्या उंचीचा असावा. पण बांध गाडी अडवायला नसतो, काठ कुठे आहे ते सांगायला असतो. पावसाळ्यात भिजलेला काठ वजनाने खचतो. शंका आली तर माती अलीकडेच ओतावी, पुढे ढकलायला डोझर आहे. वर केलेली बॉडी खाली आल्याशिवाय गाडी हलवू नये. विजेच्या तारेला ती लागलीच तर चालकाने आतच बसून राहावे. आग लागून उतरणे भाग पडले, तर दोन्ही पाय जुळवून दूर उडी घ्यावी. एक हात गाडीला आणि पाय जमिनीला, असे एकाच वेळी कधीही होऊ देऊ नये.

हे सारे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळा लागला तर शिकलेले काय कामाचे? रात्रपाळीवाला सकाळी घरी येतो. पत्र्याचे घर तापलेले, शेजारी टेपरेकॉर्डर, दाराशी पाहुणे, वर रेशनच्या रांगेत त्यालाच पाठवायचे. चार तास झोपला तर नशीब. मग तोच माणूस रात्री शंभर टन घेऊन उतारावर असतो.

भगिनींनो, खिडकीला जाड पडदा लावा. पाहुण्याला संध्याकाळी बोलवा. सर्दी-खोकल्याचे औषध घेतले असेल तर त्याने झोप येते का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि एखाद्या दिवशी तो म्हणाला, आज झोप झाली नाही, गाडीवर बसत नाही, साहेबांना सांगतो, तर एका हजेरीसाठी त्याला टोचून बोलू नका.