एनएसएस घेतलं तर अभ्यास बुडतो का? आधी हिशोब बघा
नंदुरबार : पोरगं कॉलेजात शिकायला जातं की झाडू मारायला, असं काही पालक विचारतात. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ पासून सुरू आहे. त्यात वर्षाला १२० तास काम, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वादोन तास. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर झालं की प्रमाणपत्र मिळतं.

एवढ्याने अभ्यास बुडत नाही. बुडतो तो खेळ, गॅदरिंग, सगळीकडेच नाव दिल्याने. धडगाव, अक्कलकुव्याकडून एसटीने रोज येणाऱ्यांचा वेळ तर प्रवासातच जातो. म्हणून एकच उपक्रम धरा. शिबिराची तारीख आधीच विचारून परीक्षेशी आणि घरच्या शेतीकामाशी जुळते का ते पाहा. पालकांनीही पोरांना अडवण्याआधी हा हिशोब मांडावा.