मुंगसाची गोष्ट वेल्सला कशी पोचली?

गैरसमज : दूरदूरच्या गोष्टी सारख्या निघाल्या तर तो योगायोगच.

वेल्समधल्या बेडगेलर्ट गावात एका कुत्र्याची समाधी दाखवतात. राजपुत्र लुएलिन शिकारीहून परतला, तर त्याच्या गेलर्ट या कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं आणि बाळाचा पाळणा उलटा. कुत्र्यानंच बाळाला मारलं असं समजून त्यानं त्याच्यावर तलवार चालवली. मग दिसलं, बाळ सुखरूप आहे आणि शेजारी लांडगा मरून पडलाय.

बाळाला सापापासून वाचवून घाईत मारलं गेलेलं पंचतंत्रातलं मुंगूस आठवलं ना? ते योग्यच आहे, कारण इथे कागदोपत्री माग लागतो. सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्याचं अरबी ‘कलीला व दिम्ना’ केलं, तेराव्या शतकात ते हिब्रूतून लॅटिनमध्ये उतरलं. युरोपात मुंगसाचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये लियाँजवळ तर गिनफोर नावाच्या अशाच कुत्र्याला लोक संत मानून आजारी मुलं त्याच्याकडे नेत. तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों या धर्मोपदेशकानं त्याची हाडं उकरून जाळली. बेडगेलर्टची समाधी मात्र अठराव्या शतकाच्या अखेरची. ती गावातल्या एका हॉटेलवाल्यानं उभारली, असं मानतात. गिऱ्हाईक ओढायची युक्ती नामी!

गैरसमज : म्हणजे सगळ्याच गोष्टी भारतातून गेल्या.

जर्मन पंडित थिओडोर बेनफाय यांनी १८५९ मध्ये जवळपास असंच मांडलं. आपल्याला ते ऐकायला गोड वाटतं, पण टिकत नाही. जादूगाराचा प्राण पोपटात, ही गोष्ट मेरी फ्रिअर यांनी गोव्याकडच्या घराण्यातल्या ॲना लिबेराता डिसूझा या आयेकडून ऐकून १८६८ मध्ये छापली. रशियन लोककथांतल्या कोश्चेई या खलनायकाचा प्राणही असाच बाहेर दडवलेला असतो. पण इजिप्तमधल्या ‘दोन भावां’च्या कथेत बाता आपलं काळीज झाडावरच्या फुलात ठेवतो, आणि ते पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १२०० चं, म्हणजे पंचतंत्राच्या कितीतरी आधीचं.

गैरसमज : साम्य हाच पुरावा.

सावत्र आईचा जाच किंवा महापूर कुठल्याही मुलखात सुचू शकतो. पुरावा ठरते ती घटनांची नेमकी साखळी: राखणदार, पाळणा, रक्त, घाईचा वार.

ज्यांचा कागदोपत्री माग लागत नाही अशा मौखिक कथांसाठी २०१६ मध्ये सारा ग्रासा दा सिल्वा आणि जेमी तेहरानी यांनी भाषांच्या वंशवृक्षावर २७५ जादूकथा तपासल्या. ‘लोहार आणि सैतान’ ही कथा सुमारे ६,००० वर्षं जुनी असावी, असा त्यांचा निष्कर्ष. तो गणिती अंदाज आहे, तेवढ्याच वजनानं घ्यावा.