डोंगरावर केव्हा जावे?

सहलीला जायचे ठरले, की तुमच्या घरी सर्वांत आधी काय होते? कोणीतरी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणते. लाल अक्षरांतल्या तारखा शोधल्या जातात. दोन सुट्ट्या जोडून सापडल्या, की सहलीचा दिवस ठरला!

किल्ला पाहायचा असेल तर असे करून चालते. किल्ला बाराही महिने आपल्या जागी उभा असतो. पण रानातले प्राणी पाहायचे असतील तर? त्यांच्या घरी काही दिनदर्शिका टांगलेली नसते. तुम्ही पुण्याजवळच्या भीमाशंकरला गेला असाल. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. आपला राज्यप्राणी शेकरू तेथे झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारतो. भर पावसात गेलात तर धबधबे दिसतील, धुके दिसेल, पण शेकरू? समोरचे झाडच दिसत नाही, तेथे शेकरू कुठला दिसायला! तोच डोंगर, तेच रान. पण महिना चुकला.

आज आपण दूरच्या एका डोंगरावर जाण्याचा बेत करू. समजा, तुमच्या बाबांची किंवा आईची नोकरी जपानमधल्या योकोहामा शहरात आहे आणि तुम्हीही तेथेच राहता. काही मराठी कुटुंबे खरोखरच तेथे राहतात. योकोहामा हे मोठे बंदर आहे. समोर समुद्र, सगळीकडे उंच इमारती. मात्र हवा स्वच्छ असेल त्या दिवशी पश्चिमेकडे निळसर डोंगरांची एक रांग दिसते. तिच्या मागून बर्फाची टोपी घातलेला फुजी पर्वत डोकावतो. निळसर रांगेचे नाव तांझावा. तिच्यातील सर्वांत उंच शिखर हिरुगाताके. त्याची उंची १,६७३ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडी जास्त.

१९६५ साली हा सारा डोंगराळ भाग निसर्गोद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. तेथे सिका जातीची हरणे आहेत, रानडुकरे आहेत, माकडे आहेत. कामोशिका नावाचा एक गमतीदार प्राणीही आहे. तो दिसतो थोडा शेळीसारखा, थोडा हरणासारखा. माणूस दिसला, की पळून जाण्याऐवजी तो बऱ्याचदा जागच्या जागी उभा राहून आपल्याकडेच टक लावून पाहतो! आणि हो, थोडी काळी अस्वलेही आहेत. आपल्या हिमालयात जे काळे अस्वल आढळते, त्याच जातीचे हे अस्वल.

तुम्हांला हरणे पाहायची आहेत. मग केव्हा जायचे?

बाबा म्हणतील, "एप्रिलच्या अखेरीस जाऊ." कारण एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला आठवडा या काळात जपानात एकापाठोपाठ सुट्ट्या येतात. झाडांना कोवळी पालवी फुटलेली असते. आग्नेय आशियाकडे गेलेले निळे माशीमार पक्षी परत येऊन गाऊ लागलेले असतात. सारे छानच! पण या सुट्ट्या सगळ्या जपानला असतात. त्यामुळे बसथांब्यावर रांग, पाऊलवाटेवर रांग, डबा खायला बसावे तर तेथेही गर्दी. एवढा गलबला ऐकल्यावर हरणे वाटेजवळ कशाला थांबतील?

बरे, गर्दी ओसरल्यावर जाऊ. मेच्या अखेरीस उंचावर पांढरी आणि गुलाबी रानफुले बहरतात. फुले पाहायची असतील तर याहून चांगला काळ नाही. मात्र मे-जून हा हरिणींच्या विण्याचाही काळ असतो. हरिणी आपले पाडस गवतात लपवून चरायला जाते. पाडस हूं की चूं न करता पडून राहते. एखाद्याला वाटते, बिचारे आईपासून चुकले! तो कौतुकाने त्याला उचलायला जातो. तसे मुळीच करू नये. आई जवळपासच असते आणि माणूस निघून जाण्याची वाट पाहत असते. या दिवसांत वाट सोडून गवतात शिरायचे नाही.

जूनमध्ये पावसाळा सुरू होतो. जपानचा हा पावसाळा आपल्यासारखा चार महिन्यांचा नसतो. योकोहामाच्या भागात तो साधारणपणे जुलैच्या मध्यापर्यंत किंवा अखेरीपर्यंत असतो. पाऊस आला, की तांझावात आणखी कोणी येते. ओळखा पाहू कोण? जळवा! एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत त्या केव्हाही भेटू शकतात. पण ओल आणि उकाडा असला, की त्यांची चंगळ होते. जळू झाडावरून अंगावर पडते असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता ती जमिनीवरून येते. बुटावर चढते आणि मोज्यातून आत शिरते. ती चावलेली कळत नाही, कारण दुखत नाही. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून ती सुटल्यावरही रक्त येत राहते. तेथील लोक बुटांना व मोज्यांना मिठाचे पाणी लावून निघतात. आपल्या कोयनेच्या रानात पावसाळ्यात फिरणाऱ्यांनाही जळवांची चांगलीच ओळख असते.

पूर्वी या जळवा मोजक्याच भागात होत्या. आता त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांपर्यंत आल्या आहेत. हरणे, रानडुकरे जिकडे फिरली, तिकडे त्यांच्या अंगावरून जळवाही गेल्या, असे अभ्यासक सांगतात.

येथे हरणांची हकिगत सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर तांझावातील हरणे फार कमी उरली होती. म्हणून १९५५ ते १९७० या काळात त्यांच्या शिकारीवर पूर्ण बंदी घालण्यात आली. हरणे वाचली. त्याच सुमारास डोंगरउतारावर लाकडासाठी नवी झाडे लावली जात होती. रोपे लहान होती तोवर त्यांच्यामध्ये भरपूर गवत उगवे. हरणांना खायला मुबलक मिळाले आणि त्यांची संख्या वाढली. पुढे ती झाडे मोठी झाली. त्यांची दाट सावली पडू लागली. सावलीत गवत उगवेना. मग हरणे वर माथ्याकडे सरकली. तेथे त्यांनी बुटका बांबू, झुडपे, लहान रोपे, जे मिळेल ते खाऊन टाकले. जमीन उघडी पडली. पावसाबरोबर माती वाहून जाऊ लागली.

"वाहून जाईना का! डोंगर तर केवढा मोठा आहे," असे तुम्ही म्हणाल. पण योकोहामात तुम्ही नळ उघडता, तेव्हा येणारे पाणी कोठून येते ठाऊक आहे? त्यातले काही पाणी दोशी नदीचे असते. ही नदी तांझावाच्या उत्तर बाजूने वाहते. तिच्या उगमाकडचे जंगल योकोहामा शहराने १९१६ साली विकत घेतले. शहराने जंगल कशासाठी घ्यावे? जंगलातली माती पाणी धरून ठेवते आणि हळूहळू नदीला देते म्हणून. मातीच गेली तर पाणी कोण धरणार?

म्हणून २००३ सालापासून तेथील सरकारने हरणांसाठी एक योजना आखली. उंचावर ठिकठिकाणी जाळीचे कुंपण घालून त्याच्या आतली झाडे राखली. काही हरणे मारूनही संख्या कमी केली जाते. हे ऐकून वाईट वाटते ना? मलाही वाटते. पण कुंपणाच्या आत पुन्हा उगवलेली झुडपे आणि बाहेरची उघडी जमीन शेजारी शेजारी पाहिली, की हा प्रश्न किती अवघड आहे ते कळते. तुम्ही गेलात, की असे एखादे कुंपण नक्की पाहा. त्याचे दार असेल तर आत-बाहेर करताना ते आठवणीने लावून घ्या.

आता पुन्हा आपल्या बेताकडे वळू. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेला मोठी सुट्टी असते, पण तेव्हा खाली फार उकडते, दुपारी वीज कडाडते आणि जळवा तर असतातच. गंमत अशी, की जुन्या काळी लोक नेमके याच दिवसांत येथे येत! तांझावाच्या पूर्व टोकाला ओयामा नावाचा १,२५२ मीटर उंचीचा डोंगर आहे. तो पाऊस पाडतो अशी श्रद्धा होती. शेतकरी त्याच्याकडे पाऊस मागायला येत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्याचा माथा यात्रेकरूंसाठी वर्षातून फक्त वीसेक दिवस, भर उन्हाळ्यात उघडत असे. आपल्या आषाढी वारीची तिथी जशी ठरलेली असते, तसेच ते. "केव्हा जावे?" हा प्रश्नच त्यांना पडत नसे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा वादळांचा काळ. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या वादळात तांझावाच्या शेजारच्या हाकोने या गावी एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात साऱ्या वर्षात पडतो त्याहूनही हा पाऊस जास्त! तांझावातील रस्ते खचले, पाऊलवाटा वाहून गेल्या. अशा वाटा दुरुस्त व्हायला पुष्कळ दिवस लागतात. आकाश निरभ्र झाले म्हणजे वाट उघडली, असे समजू नये. हादानो आणि पश्चिम तांझावा येथे माहितीकेंद्रे आहेत. कोणती वाट बंद आहे, कोठे दरड कोसळली आहे, हे तेथे कळते.

ऑक्टोबरच्या अखेरीस माथ्याकडची पाने लाल-पिवळी होऊ लागतात. हा रंग हळूहळू खाली उतरतो. ओयामाच्या देवळापर्यंत यायला त्याला नोव्हेंबरचे शेवटचे दिवस उजाडतात. हाच हरणांच्या जोड्या जमण्याचा काळ. नर लांब, चिरक्या आवाजात ओरडतो. संध्याकाळी तो आवाज दरीतून ऐकू आला, की अंगावर काटा येतो. उन्हाळ्यात हरणांच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. आता ठिपके जाऊन गडद, दाट केसांचा हिवाळी कोट आलेला असतो.

याच दिवसांत अस्वलेही घाईत असतात. डिसेंबरपासून ती गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत झोपी जातात आणि वसंत ऋतूतच बाहेर येतात. त्याआधी पोटभर खाऊन अंगावर चरबी साठवावी लागते. ओक आणि बीच या झाडांची फळे त्यांना फार आवडतात. काही वर्षी झाडांना ही फळे कमी लागतात. मग भुकेली अस्वले खाली गावात येतात. २०२३ आणि २०२५ या वर्षी जपानात, विशेषतः उत्तरेकडे, अस्वलांनी माणसांवर पुष्कळ हल्ले केले. म्हणून तेथे डोंगरात जाणारे लोक पिशवीला लहानशी घंटा बांधतात. घंटेचा आवाज आला, की अस्वल आपणहून दूर जाते. पण अस्वल दूर जाते तसे हरीणही जाते, ही मोठी पंचाईत! अशा वेळी घंटाच बांधावी. हरीण काय, पुढच्या वेळीही दिसेल.

राहिला हिवाळा. पाने गळलेली असतात, त्यामुळे दूरचेही दिसते. थंडीने जळवा दिसेनाशा होतात. हवा कोरडी असते आणि फुजी लख्ख दिसतो. हरणे पाहायला हा काळ चांगला. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दर शंभर मीटर वर गेले, की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरते. म्हणजे योकोहामात १० अंश असतील, तेव्हा हिरुगाताकेवर जवळजवळ शून्य असते. जानेवारी-फेब्रुवारीत तेथे बर्फही साचते. दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, योकोहामात साडेचारलाच! शिवाय नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काही भागांत शिकारीला परवानगी असते. म्हणून झाडीत उठून दिसतील असे लाल किंवा नारिंगी कपडे घालायचे.

मग काय ठरवायचे? फुलांसाठी मेचा शेवट, रंगीत पानांसाठी नोव्हेंबर, असे प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. तुम्हांला हरणे हवी आहेत, सोबत लहान भावंडही आहे. मी असते तर डिसेंबरचा पहिला शनिवार निवडला असता. पानांसाठी आलेली गर्दी तोवर बरीच कमी झालेली असते आणि बर्फ सहसा सुरू झालेले नसते. हिरुगाताकेचा हट्ट नको, ओयामा पुरे. पहाटेची आगगाडी पकडा. एबिनाला गाडी बदलून इसेहारा गाठा, तेथून बस. पुढे दोरावर ओढली जाणारी छोटी गाडी तुम्हांला सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या देवळापर्यंत नेते. तेथून माथा दीड तासाच्या चढावर आहे. दुपारी दोनपर्यंत देवळाशी परत यायचे. माथा राहिला तरी चालेल. कोण कोण, कोणत्या वाटेने जाणार, हे कागदावर लिहून वाटेच्या तोंडाशी असलेल्या पेटीत टाकायचे. पोळीभाजीच्या डब्यातला तुकडाही हरणाला द्यायचा नाही. माणसाच्या हातचे खायची सवय लागली, की ती वाटेवर येऊन उभी राहू लागतात.

दिनदर्शिकेवर त्या शनिवारी खूण करा, पण पेन्सिलीने करा. शुक्रवारी संध्याकाळी हवामानाचा अंदाज ऐका. पाऊस सांगितला असेल तर खूण खोडा आणि पुढच्या शनिवारी करा. डबा मात्र घरीच, खिडकीशी बसून खा. पाऊस थांबला तर तेथूनही ती निळसर रांग दिसेल.