पट, हजेरी आणि कोयता

शाळेचा पट म्हणजे नुसता आकडा, असे आपल्याकडे समजले जाते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी शिक्षक म्हणून वावरलो. मला हा आकडा गावच्या समाजरचनेचा उताराच वाटत आला आहे. सात-बारावरून जमीन कोणाची हे कळते, तसे पटावरून शाळा कोणासाठी उरली हे कळते. मात्र तो वाचता आला पाहिजे.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस पिकला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ज्यांची जमीन पाण्याखाली आली, त्यांच्या हाती पैसा आला आणि पुढे त्यांची मुले गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. मी पाहिलेल्या अनेक शाळांत मागे राहिली ती बौद्ध, मातंग, पारधी, वडार आणि शेतमजुरांची मुले. ज्या शाळेच्या दाराबाहेर आमच्या आज्यांना बसवले जाई, तिचा पट आज आमच्या मुलांवर उभा आहे. याला समता म्हणणे भाबडेपणाचे होईल. घरमालक सोडून गेल्यावर मिळालेली ती वहिवाट आहे.

दुसरी गोष्ट तारखेची. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. उसाचा गळीत हंगाम सुरू होतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुकादमाची उचल घेतलेले नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, बीड-पाथर्डीकडून पोराबाळांसह येतात आणि कारखान्याच्या तळावर कोपी घालतात. त्यांची मुले ३० सप्टेंबरला गावाकडे मोजली गेलेली असतात. नोव्हेंबरात ती इथे फडात वाढे गोळा करतात, धाकटे भावंड सांभाळतात. तिथे पट आहे, हजेरी नाही. इथे मूल आहे, पट नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. तीत खोटा पट उघडा पडला. पण तीही हंगामाच्या तोंडावर झाली. खऱ्या मुलांचे हंगामातले स्थलांतर तिच्यात दिसणे शक्यच नव्हते.

एका जानेवारीत तळावरचा एक बाप मुलीला घेऊन शाळेत आला. त्याला सांगण्यात आले, "आधी दाखला आणा." तो म्हणाला, "गुरुजी, दाखल्याला गावाकडं गेलो तर कोयता बंद पडंल. खाड्याचं पैसं मुकादम माझ्याच अंगावर टाकंल." मुलगी परत फडात गेली. मी तेव्हा गप्प बसलो, हे इथे नोंदवतो.

आज गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला. आज साखर कोयत्याच्या घामातून निघते, आणि कोयत्याचे मूल कोणत्याच पटावर धड नसते.

आता कमी पटाच्या शाळा बंद करून त्या दुसऱ्या शाळांत मिसळण्याची भाषा होते. वस्तीवरची शाळा गेली तर सवर्ण बागायतदाराचे काही बिघडत नाही; त्याची गाडी दारात उभी आहे. चालत जाणारी सात वर्षांची पारध्याची मुलगी मात्र घरी बसेल.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: येत्या डिसेंबरात तळावर जा, कोपीकोपीतून मुले मोजा, आणि ती यादी जवळच्या शाळेच्या ३० सप्टेंबरच्या पटाशेजारी ठेवा. मग ती घेऊन पंचायत समितीत जा. शाळा बंद करण्याचा युक्तिवाद आकड्यांवर उभा आहे. त्याला उत्तरही आकड्यांनीच द्यावे लागेल.